न थांबणारा धक्का, न हलणारी भिंत

कशानंही न थांबणारी वस्तू कशानंही न हलणाऱ्या वस्तूवर जाऊन आदळली तर काय होईल? वर्गातल्या चुणचुणीत पोरानं सरांना कोंडीत पकडायला विचारावा, असा हा प्रश्न. पण तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात चीनमधल्या हान फेई या विचारवंतानं एका विक्रेत्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. हा गडी भाले विकतो आणि ढालीही विकतो. ढाल दाखवताना म्हणतो, ही कशानंही भेदली जात नाही. भाला दाखवताना म्हणतो, हा कशालाही भेदतो. मग एक जण विचारतो, तुझाच भाला तुझ्याच ढालीवर मारला तर? विक्रेत्याची बोलती बंद होते. असा भाला आणि अशी ढाल एकाच जगात नांदू शकत नाहीत, हे हान फेईचं उत्तर.

तर्काच्या दृष्टीनं प्रकरण इथंच मिटतं. भौतिकशास्त्राला मात्र हा प्रश्न जरूर विचारावा, कारण तिथं याहून कितीतरी जास्त हाती लागतं.

एप्रिल 1988 मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सँडिया प्रयोगशाळेच्या आवारात, एक खरंखुरं फँटम लढाऊ विमान रॉकेटच्या जोरावर रुळांवरून पळवून काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळवलं. विमानाचं वजन सुमारे 19 टन, वेग सेकंदाला 215 मीटर, म्हणजे ताशी 770 किलोमीटरच्या आसपास. इंधनाऐवजी टाक्यांमध्ये पाणी भरलेलं. समोरचा ठोकळा 3.66 मीटर जाड आणि सुमारे 469 टनांचा. या प्रयोगाची चित्रफीत जरूर पाहा. विमानाचं नाक काँक्रीटला टेकतं आणि धूळ होऊ लागतं, पण त्याच क्षणी शेपटीकडचा भाग जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढं येत राहतो. नाकावर काय ओढवलंय ते शेपटीला अजून कळलेलंच नसतं. पंखांची टोकं ठोकळ्याच्या कडेबाहेर होती. ती तुटून तशीच पुढं निघून गेली. बाकीच्या विमानाचा चुरा झाला.

ही चित्रफीत इंटरनेटवर ‘अणुभट्टीची भिंत बघा किती भक्कम’ अशा मथळ्यानं फिरते. पण भिंतीची ताकद आजमावणं हा त्या प्रयोगाचा हेतूच नव्हता. आदळणारं विमान क्षणाक्षणाला किती बल लावतं, हे मोजायचं होतं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी काय केलं? ठोकळा जमिनीत पक्का गाडला नाही. उलट हवेच्या पातळ थरावर तरंगता ठेवला, म्हणजे तो सहज मागं सरकावा! ठोकळ्याच्या वेगात किती झपाट्यानं बदल होतो ते पाहायचं, त्याला वस्तुमानानं गुणायचं, की बल मिळालं. न्यूटनचा दुसरा नियम, तोही शब्दशः वापरलेला. मला हा भाग फार आवडतो. जी वस्तू तसूभरही हलत नाही तिच्याकडून या पद्धतीनं बलाचा पत्ता लागणारच नाही.

थोडं गणित करू. 18 मीटरच्या आसपास लांबीचं विमान सेकंदाला 215 मीटर वेगानं चिरडायला साधारण 0.08 सेकंद लागतो. तेवढ्या वेळात त्याचा सगळा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ठोकळ्याकडे जातो. म्हणजे सरासरी बल सुमारे 5 कोटी न्यूटन, जवळपास 5,000 टन वजनाइतकं. संवेगाच्या हिशेबानं ठोकळ्याला सेकंदाला 8 मीटरच्या आसपास वेग मिळायला हवा. आणि संपूर्ण ठोकळा एकदम हलतो असंही नाही. धक्क्याची बातमी काँक्रीटमधून ध्वनीच्या वेगानं जाते, म्हणजे सेकंदाला साधारण 4 किलोमीटर. पुढची बाजू दाबली गेल्याचं मागच्या बाजूला कळायला जवळपास सेकंदाचा हजारावा भाग जातो. अख्खी वस्तू एकाच क्षणी ‘ठाम उभी राहते’ असं निसर्गात कधी घडतच नाही.

मग न हलणारी वस्तू म्हणजे नेमकं काय? वस्तुमान जितकं जास्त, तितकी ती कमी हलते. पण पृथ्वीसुद्धा हलतेच. 60 किलोचा माणूस उभ्या जागी 30 सेंटिमीटर उडी मारतो, तेव्हा पृथ्वी उलट दिशेला सरकते. किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्याही 50 कोटी पट कमी. नगण्य आहे, पण शून्य नाही. शून्य हवं असेल तर वस्तुमान अनंत लागेल.

आता न थांबणाऱ्या वस्तूकडे वळू. कितीही बल लावलं तरी जिचा वेग बदलत नाही, ती न थांबणारी. तिलाही अनंत वस्तुमानच लागेल. म्हणजे दोघींची अट एकच झाली. गॅलिलिओपासून आपल्याला ठाऊक आहे की एकसमान वेगानं जाणाऱ्याला ‘मी स्थिर आहे, बाकीचं जग हलतंय’ असं म्हणायचा पूर्ण हक्क असतो. त्या फँटममध्ये बसून पाहिलं तर विमान जागच्या जागी आहे आणि काँक्रीटची भिंतच ताशी 770 किलोमीटरनं अंगावर येतेय. तेव्हा न हलणारी वस्तू आणि न थांबणारी वस्तू ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. कोण कुठून बघतंय, एवढाच फरक. हान फेईच्या विक्रेत्याकडे भाला आणि ढाल होती. इथं दोन्ही हातांत भालेच आहेत, किंवा दोन्ही हातांत ढाली.

अशा दोन वस्तू समोरासमोर आल्या तर? दोघींचाही वेग बदलता कामा नये. मग एकच वाट उरते: दोघी एकमेकींतून आरपार जातील. कुणी थांबलं नाही, कुणी हललं नाही, अट कुठंही मोडली नाही. विमान भिंतीतून असं जात नाही, कारण दोन्हींतले इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. पण सूर्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे, विद्युतभार नसलेले अतिसूक्ष्म कण हेच करतात. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेतून दर सेकंदाला सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो जातात. दिवसा वरून, रात्री पृथ्वी ओलांडून खालून. ना ते अडतात, ना आपण हलतो.

हे आरपार जाणं शंभर टक्के मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचा मारा, मोजत होते. खोल जाता जाता अशी पातळी आली की वरच्या खडकानं जवळजवळ सगळे कण अडवले आणि मोजायला काही उरेना. इतक्या शांत जागी न्यूट्रिनोची चाहूल लागू शकते हे त्यांच्या ध्यानात आलं. जपानच्या ओसाका आणि ब्रिटनच्या डरहॅम विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांसोबत सुमारे 2.3 किलोमीटर खोलवर उपकरणं बसली आणि 1965 मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो सापडले. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत काम करणाऱ्या दुसऱ्या गटालाही त्याच वर्षी यश आलं. त्यातला प्रत्येक न्यूट्रिनो खाणीभोवतीच्या खडकात कुठंतरी अणुकेंद्रकाला भिडला होता. त्या टकरीतून म्यूऑन नावाचा कण निघाला आणि उपकरणात त्याची खूण उमटली. न्यूट्रिनो तिथंच संपला, केंद्रकाला धक्का बसला आणि संवेगाचा हिशेब दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळला.