नॉबचा चुंबक आणि वायरचा चुंबक: दोघांचं 'बंद' वेगळं

आयटीआय करून कुपवाड एमआयडीसीत नुकताच लागलेला माझा भाचा डायल गेजचा (काट्यानं बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचा) मॅग्नेट बेस, म्हणजे तो मशीनला चिकटवायचा चुंबकी ठोकळा, हातात घेऊन सगळ्या बाजूंनी चाचपत होता. शेवटी म्हणाला, "मामा, ह्यात सेल कुठं घालायचा?"

हसण्यासारखा प्रश्न नाही हा. नॉब फिरवला की ठोकळा मशीनच्या बेडला असा धरतो की हातानं ओढून निघत नाही. परत फिरवला की निव्वळ लोखंडाचा तुकडा. चालू-बंद होतंय म्हणजे वीज असणार, असं वाटणं साहजिक आहे, कारण शाळेत चालू-बंद होणारा चुंबक आपण एकच बघितला: खिळ्याला तार गुंडाळून केलेला. सरफेस ग्रायंडरवर, म्हणजे फिरत्या चाकानं सपाट घासायच्या मशीनवर, तर जुनी माणसंही फसतात. जॉब (घासायचा तुकडा) धरून ठेवणारे दोन्ही चुंबकी चक वरून सारखेच, लोखंडाच्या पट्ट्या आणि मध्ये पितळेच्या बारीक रेघा. खाली वाकून बघावं लागतं. किल्ली घालायला भोक असेल तर तो कायमचुंबकाचा, मागून वायर आली असेल तर विजेचा.

आपल्याकडच्या माणसाला हा फरक उसाच्या रानातून लगेच कळतो. पाणी थांबवायचं तर दोन रस्ते. मोटारीचा स्टार्टर बंद करा, म्हणजे पाणी येणंच थांबलं. नाहीतर मोटार चालूच ठेवा आणि फावड्यानं दारं वळवून पाणी दुसऱ्या सरीत सोडा. वायरचा चुंबक पहिल्या जातीचा. १८२५ साली विल्यम स्टर्जननं साधारण २०० ग्रॅम लोखंडाला तार गुंडाळून ४ किलो वजन उचलून दाखवलं, तेव्हापासून त्याचं तत्त्व तेच आहे. करंट आहे तोवर चुंबक, करंट गेला की खेळ संपला.

नॉबवाला दुसऱ्या जातीचा. त्याच्या पोटातला चुंबक कधीच बंद होत नाही. बेस म्हणजे लोखंडाचे दोन अर्धे भाग, मधोमध पितळ किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. आरपार एक गोल भोक, आणि त्यात नॉबला जोडलेला दंडगोल चुंबक. या दंडगोलाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव टोकांना नसतात, दोन कुशींना असतात. ध्रुव पट्टीच्या रेषेत, म्हणजे वर-खाली आले की प्रत्येक लोखंडी अर्ध्याला दोन्ही ध्रुव टेकतात. चुंबकरेषा उत्तरेतून निघून त्याच लोखंडातून दक्षिणेला पोचतात, बाहेर यायचं कारणच उरत नाही. हा 'बंद'. नॉब ९० अंशांनी फिरवा. आता एक अर्धा सगळा उत्तर, दुसरा सगळा दक्षिण. मधलं पितळ रस्ता देत नाही, मग रेषा खालच्या बेडमधून पलीकडे जातात आणि बेडला गच्च धरतात. ग्रायंडरच्या किल्लीच्या चकमध्ये हेच काम आतली चुंबकांची जाळी सरकवून होतं. उचलायच्या लिव्हरवाल्या मॅग्नेटमध्येही तेच. तिथं दोन चुंबक असतात, एक बसवलेला, एक फिरणारा. दोघांचे ध्रुव एका दिशेला आले की जोर बाहेर येतो, उलट झाले की आतल्या आत जिरतो.

यातून एक गंमत निघते. मॅग्नेट हवेत धरून लिव्हर ओढाल तर ती अडून बसते, कारण बाहेर लोखंड नाही आणि रेषांना आतला सोपा रस्ता सोडायचा नसतो. जाड प्लेटवर ठेवून ओढा, बरीच हलकी जाते. हे माहीत नसलेले लोक लिव्हरला पाइप घालून जोर लावतात. आधी जॉबवर टेकवा, मग फिरवा.

आता मुद्द्याचं, लाइट गेल्यावर काय? वायरच्या चकवर जॉब आहे, करंट गेला, पण ग्रायंडिंग व्हील काही लगेच थांबत नाही. सुटलेला जॉब व्हीलखाली सापडला तर समोर उभं राहायची जागा ती नव्हे. क्रेनवरच्या विद्युतचुंबकाला म्हणून बॅटरीचा आधार लागतो. किल्लीच्या चकला लाइट गेल्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय वायरच्या चकची कॉइल, म्हणजे गुंडाळलेली तार, तापते, चक किंचित फुगतो, आणि मायक्रॉनच्या कामात ते किंचितही मोजून द्यावं लागतं.

म्हणून वायरचा चुंबक कमअस्सल असं मात्र नाही. भंगाराच्या यार्डात वेडंवाकडं लोखंड लांबून ओढून घ्यायचं, क्रेनमधल्या माणसानं बटणावर सोडायचं, तिथं नॉब फिरवायला जाणार कोण? जॉबमध्ये उरलेलं चुंबकत्व काढायलाही करंट उलटसुलट करत कमी करता येतो. किल्लीच्या चकवरून उतरलेल्या जॉबला लोखंडाचा किस चिकटून येतो, त्याला डीमॅग्नेटायझर वेगळा लागतो.

कायमचुंबकाचा खरा शत्रू फट. गंज, रंग, एखादी अडकलेली लोखंडाची कपची, आणि धरण्याची ताकद झपाट्यानं उतरते. पत्रा पातळ असेल तर त्यात रेषा मावतच नाहीत. लिव्हरवाल्या मॅग्नेटवर लिहिलेलं वजन जाड, सपाट, स्वच्छ प्लेटचं असतं, हे विसरून गंजलेला पत्रा उचलणारे मी बघितलेत. दुसरा शत्रू उष्णता: साध्या प्रतीचा निओडिमियम (हल्लीचा जोरदार कायमचुंबक) ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर व्हायला लागतो. वेल्डिंगला तुकडे कोनात धरायचे ऑन-ऑफ मॅग्नेट म्हणून वेल्डिंगच्या टाक्यापासून जरा लांब लावावेत. त्यात आर्कही भरकटतो, तो त्रास वेगळाच. पण काम झाल्यावर ते बंद करून झटकले की चिकटलेला सगळा किस खाली पडतो. साध्या मॅग्नेटचा किस नखानं काढत बसलेल्याला याची किंमत कळेल.

दोघांचा संकरही असतो. त्यात निओडिमियमच्या जोडीला अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा चुंबक), आणि अल्निकोभोवती कॉइल. विजेचा एक झटका दिला की अल्निकोचे ध्रुव उलटतात आणि दारं वळतं. वीज लागते ती तेवढ्या क्षणापुरती, पुढे लाइट गेली तरी पकड तशीच. मोठ्या मिलिंग मशीनवर असे चक दिसतात. किंमत छोट्या शॉपला परवडणारी नाही, त्यामुळे आमच्याकडे किल्लीवरच भागतं.

भाच्याला हे सगळं पटलं. दोन दिवसांनी तक्रार घेऊन आला, डायलचा काटा एका जागी ठरत नाही म्हणे. बेस त्यानं मशीनच्या रंगवलेल्या दारावर लावला होता.