जुना ब्रेकर आणि सोलापूरचा उन्हाळा

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली तेव्हा कारभार वाफेवर होता. इंजिनाची ताकद छताखालच्या शाफ्टवरून पट्ट्यांनी यंत्रांपर्यंत जायची. बोजा फार वाढला की पट्टा घसरायचा. विजेच्या मोटरीला ही सोय नाही. ती घसरत नाही, नुसती तापत राहते. म्हणून प्रवाह तोडणारं वेगळं साधन लागलं: सर्किट ब्रेकर.

सुरुवातीचे ब्रेकर दगडी पाटीवर उघडेच बसवलेले असत: तांब्याच्या पातळ पत्र्यांचा मुख्य कॉन्टॅक्ट, म्हणजे प्रवाह जोडणारा-तोडणारा भाग, आणि प्रवाह तुटताना उडणारी ज्वाळेसारखी ठिणगी, म्हणजे आर्क, झेलायला कार्बनचं टोक. १९२०च्या दशकाच्या अखेरीस वेस्टिंगहाउसच्या जोसेफ स्लेपियन यांनी आर्कचे धातूच्या पट्ट्यांमध्ये तुकडे करून तो विझवण्याची रीत आणली. आपल्या पॅनलमधल्या एसीबीच्या (हवेत आर्क विझवणाऱ्या ब्रेकरच्या) डोक्यावरचं आर्क शूट, म्हणजे आर्क विझवायची पेटी, त्याच कल्पनेवर चालतं. जुन्या शूटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ श्वासात जाणं घातक. सूतगिरणीत रुईचा गर्दा हवेच्या नळीनं उडवायची सवय असते. ती इथं मोडावी लागते.

ब्रेकर चालू करण्याची पद्धतही बदलत गेली. आधी दांडा हातानं ढकलायचा, म्हणजे कॉन्टॅक्ट मिटण्याचा वेग वायरमनच्या मनगटावर. ब्रेकरच्या पुढच्या लाइनीत फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा दोष) असताना हात कचरला तर कॉन्टॅक्ट अर्धवट टेकून जळायचे. स्प्रिंग आधी ताणून (चार्ज करून) ठेवायची आणि तिच्या जोरावर कॉन्टॅक्ट मिटवायची यंत्रणा आली ती यासाठी.

सगळ्यांत लहरी भाग म्हणजे डॅशपॉट, ब्रेकर कधी पडायचा (ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद व्हायचा) ते ठरवणारी तेलाची कुपी. प्रवाह वाढला की कॉइल प्लंजर वर ओढते आणि तेल त्याला उशीर लावतं. उन्हाळ्यात तेल पातळ होऊन ब्रेकर लवकर पडतो. तेल जुनं होऊन चिकटलं की पडायलाच तयार नसतो. पुढे इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट आलं आणि ही कटकट संपली, पण डॅशपॉटवाले ब्रेकर काही लगेच भंगारात गेले नाहीत.

भारतीय मानकंही बदलली: आधी आयएस २५१६, १९९३ मध्ये आयएस १३९४७, आता आयएस/आयईसी ६०९४७. यात ब्रेकरभोवतीची हवा ४० अंशांच्या वर नाही आणि चोवीस तासांची सरासरी ३५च्या आत, असं धरलेलं आहे. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, पॅनलच्या आत त्याहून जास्त. पाटीवर ८०० अँपिअर लिहिलेलं म्हणून दुपारी तेवढा बोजा टाकायचा नसतो.

खरी अडचण वेगळीच. वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या ब्रेकरचं ग्रीस वाळतं, यंत्रणा जखडते, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत शटडाउन मिळालं की लोक आधी पुसापुशी आणि तेलपाणी करतात, मग चाचणी घेतात. आधी तेल घातलं की जखडलेली यंत्रणा सुटते आणि दोष लपतो. म्हणून क्रम उलटा हवा. पुरवठा तोडून ब्रेकर बाहेर ओढा आणि इंजेक्शन किटवर (ब्रेकरमध्ये मोजून प्रवाह सोडणाऱ्या चाचणी-यंत्रावर) पहिला ट्रिप जसा आहे तसा घ्या. किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. पुसायचं कापड नंतर.