वन्यजीव-व्यक्तिचित्रकार (ग्रामीण विदर्भ)

वन्यप्राण्यांची आणि माणसांच्या चेहऱ्यांची हुबेहूब चित्रे काढून त्यावर पूर्ण किंवा अर्धे पोट भरणारा खेड्यातला चित्रकार. विदर्भात त्याला सहसा ‘पेंटर’ म्हणतात आणि पुढे ‘भाऊ’ लावतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची अक्षरे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे ही एकेकाळी त्याचीच कामे. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. वाघ आणि माणूस तेवढे त्याच्याकडे राहिले. दोन्हींत बघणाऱ्याची मागणी एकच असते : ओळख पटली पाहिजे. गाईड आणि गुराखी वाघ ओळखतात, घरचे आपला माणूस ओळखतात. इतका जाणकार आणि इतका कडक प्रेक्षक शहरातल्या कलादालनात क्वचितच भेटतो.

मध्य भारतातल्या गोंड चित्रशैलीशी या कामाची गल्लत करू नये. जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यामुळे जगभर पोचलेल्या त्या परंपरेत प्राणी कथेतून येतो आणि ठिपक्या-रेषांनी भरला जातो. इथे तो हाडामांसावरून उभा करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या सहा व्याघ्रप्रकल्पांपैकी पाच विदर्भात आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मेळघाट १९७३-७४च्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला, तर ताडोबा १९५५पासूनचे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांच्या गावांत पर्यटकांमुळे वाघाच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळते. चेहऱ्यांची कामे मात्र गावातूनच येतात : आईवडिलांचे फोटो, बुद्धविहारासाठी बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर, समाजमंदिरासाठी तुकडोजी महाराज किंवा गाडगेबाबा, आदिवासी गावांत बिरसा मुंडा. १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस अनेकांना झोप मिळत नाही.

बहुतेकांचे शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांवर आणि एखाद्या पाटी रंगवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली होते. थोडे नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून येतात. घरी शेती असतेच. त्यामुळे वर्षाची आखणी पिकांवर आणि जंगलावर होते. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचे गाभाक्षेत्र पर्यटनासाठी बंद. तेव्हाच पूर्व विदर्भात धानाची रोवणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि देसाईगंज-वडसा परिसरातल्या मंडळ्यांचे पडदे रंगवायला हात लागतात. जंगल, राजवाडा, झोपडी असे मोठे पडदे रंगवलेल्या माणसाच्या हाताला एक मोकळेपणा येतो. तो नंतर वाघाच्या पाठीच्या एका लांब रेषेत दिसतो.

दिवस पहाटे सुरू होतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा बारीक काम सकाळी साडेनवापर्यंत आटोपलेले बरे. दुपारी जलरंगाचा हात कागदावर फिरेपर्यंत सुकतो आणि कडा उमटतात; अॅक्रिलिक तर पॅलेटवरच घट्ट होते. छपरीत कूलर लावला तर त्याच्या ओल्या हवेने जलरंगाला थोडा वेळ मिळतो, पण वीज गेली की तोही आधार जातो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा : कागद ओल धरतो, बुरशीचे ठिपके पडतात, तैलरंग हाताला चिकटत राहतो. एक गोष्ट मात्र या प्रदेशाने चित्रकाराला ओळखीची करून दिली आहे. तैलरंग ज्या तेलात घोटतात ते जवसाचे, आणि जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक. रंगासाठी तेल शुद्ध केलेले लागते, चटणीच्या जवसाचे घाण्यावरचे चालत नाही. पण डब्याचे झाकण उघडल्यावर येणारा वास घरच्या कोणालाही परका वाटत नाही. या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात, हे शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशीच सांगावे लागते.

ब्रशबाबत या चित्रकाराची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रश बारीक टोकासाठी नावाजलेले होते. एकेका मुठीसाठी मुंगसे मारली जात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२नुसार हा व्यापार गुन्हा आहे. वन्यप्राण्याचे चित्र वन्यप्राणी मारून केलेल्या ब्रशाने काढणे ही या व्यवसायातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ठरेल; नायलॉनचा ब्रश पुरेसा होतो. याच कायद्यामुळे नमुन्यासाठी कातडे, नखे किंवा जंगलात गळून पडलेले सांबराचे शिंगसुद्धा घरी आणता येत नाही. जे पाहायचे ते जंगलातच पाहायचे.

आणि खरे काम तेच आहे. सफारीत गाडीतून उतरता येत नाही, वाघ थांबेलच असे नाही, म्हणून वहीत दहा-वीस सेकंदांच्या रेषा जमवल्या जातात : मानेचा कल, खांद्याचे हाड चालताना कसे वर येते, शेपटीचा बाक. तपशील छायाचित्रातून मिळतो, वजन मिळत नाही; ते पाहूनच हातात उतरते. बफरमधला, म्हणजे गाभाक्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातला गुराखी, मोह वेचणाऱ्या बाया यांच्याकडून जे कळते ते कॅमेऱ्यातही सापडत नाही. रोही (नीलगाय) दचकल्यावर आधी कान कुठे वळवतो, अस्वल वारुळ उकरताना पाठ कशी दिसते, हे त्या अचूक सांगतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या परवानगीने पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला मिळाले तर रंग दिसत नाहीत, फक्त उजेड आणि काळोख दिसतो. छटांचा अभ्यास याहून चांगला कुठे होत नाही.

वाघ रंगवताना चूक हमखास कुठे होते ते ठरलेले आहे. मांजरासारखी उभी बाहुली काढली की चित्र गेले. वाघाची बाहुली गोल असते, चितळाची आडवी. कानामागचा पांढरा ठिपका पुष्कळ जण विसरतात. अंगाचा रंग निव्वळ नारिंगी कधीच नसतो : यलो ओकर, बर्न्ट सिएना, पाठीवर जरा गडद, आणि पोटाच्या पांढऱ्यात एप्रिलच्या वाळल्या गवताची पिवळी झाक. पट्टे हे अंगावर ओढलेले फराटे नव्हेत. ते बरगड्यांवरून वळतात, कातडीच्या घडीत बुडतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, एकाच वाघाची डावी बाजू उजवीसारखी नसते. कॅमेरा ट्रॅपच्या गणनेत याच खुणेने वाघ मोजतात. ताडोबातली ‘माया’ वाघीण किंवा ‘मटकासूर’ वाघ म्हणून चित्र दाखवले तर गाईड आधी गालावरचे आणि भुवईवरचे पट्टे तपासतो. पेन्सिलचित्रात मिशांसाठी रिकाम्या रिफिलने कागदावर आधीच खोल रेषा दाबून ठेवतात. वरून शिसे फिरवले की त्या पांढऱ्या राहतात.

माणसाचा चेहरा याहून अवघड आहे. मागणी येते ती बहुधा घरात माणूस गेल्यावर, आणि तेरवीपर्यंत चित्र हवे असते. हातात येतो तो मतदार ओळखपत्राचा फोटो, किंवा लग्नाच्या समूहचित्रातला कडेचा अर्धा चेहरा. पासपोर्ट आकाराचा ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो आठपट केला तर चित्र २८ बाय ३६चे होते. फोटोवर अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन आखायचे, कागदावर चार सेंटिमीटरचे, आणि एकेक चौकोन उतरवायचा. फोटोवरची अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे चार मिलिमीटरची होते, तेवढ्याने ओठ हसायचे थांबतात. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. ते सुधारून घ्यावे लागते. फ्लॅशने सपाट झालेला गाल भरायला मग भावाला समोर बसवतात, मुलाचा जबडा पाहतात, बहिणीला विचारतात की कुंकू केवढे लावायची, पदर कोणत्या खांद्यावर घ्यायची. या विचारपूसीत घरचे रडतात, मधेच एखादी आठवण सांगून हसतात. चित्रकाराने घाई करू नये.

‘जरा उजळ करा’ ही विनंती जवळपास दरवेळी होते. ती मान्य करू नये असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे. उन्हातान्हात रोवणी केलेल्या बाईचा रंग बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणातच खरा दिसतो. कपाळावर आणि गालाच्या हाडावर उजेड नीट पाडला की ते पुरेसे होते. चेहरा गोरा केला की दुसऱ्याच कोणाचा तरी होतो.

व्याघ्रक्षेत्रालगतच्या गावांत याहून कठीण वेळ येते. मोहफुलांच्या किंवा तेंदूपानाच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या माणसाचे चित्र मागायला घरचे येतात, आणि चित्राच्या घोड्यावर (ईझलवर) रिसॉर्टसाठी काढलेला वाघ अर्धवट असतो. असा कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवतात. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही, आणि पैशांचा विषयही त्या घराने काढेपर्यंत निघत नाही.

चित्र पसंत पडले की नाही हे एका वाक्यात कळते. वऱ्हाडात म्हणतात ‘डोये जमले’, झाडीपट्टीत ‘डोरे जमले’. ते ऐकू आले नाही तर पापणीची घडी पुन्हा बघायची; बहुतेक वेळा चूक तिथेच असते. तेरा दिवसांत तैलरंग वाळत नाही, म्हणून तेरवीचे चित्र पेन्सिलीत किंवा अॅक्रिलिकमध्ये करतात, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून फ्रेममध्ये बारीक पट्टी घालतात. ज्यांना तैलचित्र हवे असते त्यांना वर्षश्राद्धापर्यंत थांबायला सांगतात. त्यालाही वार्निश लावण्याआधी सहा महिने ते वर्षभर सुकू द्यावे लागते. म्हणून पुढच्या वर्षी रोवणी उरकली की चित्रकार वार्निशची बाटली आणि रुंद ब्रश घेऊन पुन्हा त्या घरी जातो, चित्र खाली उतरवतो आणि हाराची सुकलेली फुले बाजूला करून आधी धूळ पुसतो.