पगारपत्रक नसलेल्यांना मदत द्यायची कशी?

बेकारी भत्ता असो की आजारपणातली मदत, सरकारी आधाराची बहुतेक यंत्रणा उभी राहिली ती कारखान्यातल्या कामगाराकडे बघून. त्याला मालक असतो, हजेरीपट असतो, पगाराची पावती असते. फ्रीलान्स वादक, नट किंवा चित्रकार यांच्याकडे यातलं काहीच नसतं. राजाश्रयाच्या काळात राजाची मर्जी पुरायची, आजच्या सरकारला मात्र नियम लागतो. गेल्या नव्वदेक वर्षांतल्या योजना पाहिल्या तर जवळपास प्रत्येकीत एकच पेच दिसतो: याचा मालक कोण धरायचा?

अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३५ साली, सरकार स्वतःच मालक झालं. चित्रकार, नट, वादक, लेखक यांना सरकारी प्रकल्पांवर पगार सुरू झाला. पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार जॅक्सन पोलॉक आणि मार्क रॉथको यांनीही तो घेतला. पण पगार देणारा उद्या संहिताही तपासू लागतो. नाट्यप्रकल्पावर डावेपणाचे आरोप झाले आणि १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं त्याचा निधीच तोडला. ब्रिटननं १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापून पैसा सरकारचा, वाटप मंडळाचं अशी फारकत केली. मात्र त्यातला मोठा वाटा संस्थांना जायचा. एकट्यादुकट्या कलावंतापर्यंत तो झिरपतच यायचा.

नेदरलँड्सचा प्रयोग मला सर्वांत मजेशीर वाटतो. १९४९ पासून तिथे गरजू चित्रकार-शिल्पकारांनी कलाकृती द्यायची आणि बदल्यात उदरनिर्वाहापुरते पैसे घ्यायचे, अशी सोय होती. म्हणजे सरकार मालक नव्हे, गिऱ्हाईक! पण गिऱ्हाइकाला भिंती किती असणार? कोठारं भरत गेली, खर्च फुगत गेला आणि १९८७ मध्ये योजना गुंडाळली. साठलेल्या बऱ्याच कलाकृती पुढे ज्याच्या त्याला परत कराव्या लागल्या.

फ्रान्सनं तास मोजायचं ठरवलं. १९३६ मध्ये सिनेमाच्या तंत्रज्ञांसाठी सुरू झालेली व्यवस्था साठच्या दशकात रंगमंचावरच्या कलावंतांपर्यंत पोहोचली. बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. आजच्या नियमात एका प्रयोगाची बिदागी १२ तासांची धरतात, म्हणजे वर्षाला ४३ प्रयोग. बेचाळीसवर गाडी अडली तर हिशेब चुकलाच, मग घरी बसून केलेला रियाज कितीही असो. २००३ मध्ये हे नियम आवळले तेव्हा असा संप झाला, की आव्हिन्योंचा नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला.

जर्मनीनं १९८३ पासून मालकाचा वाटा भरणारा शोधून काढला. आरोग्यविमा आणि पेन्शनचा अर्धा हप्ता कलावंत भरतो. उरलेल्यात २० टक्के केंद्र सरकारचे आणि ३० टक्के कलावंतांकडून काम घेणाऱ्यांचे. प्रकाशक, नाट्यगृहं तर झालीच, पण नेमानं फ्रीलान्स डिझायनरकडून जाहिराती करून घेणारी कंपनीही मानधनावर ठरावीक टक्के वेगळे भरते. माझ्या मते सगळ्यांत टिकाऊ तोडगा हाच. पण तो आजारपण आणि म्हातारपणासाठी आहे, काम बंद पडलं तर त्याचा उपयोग नाही.

आणि २०२० मध्ये कोविडच्या साथीनं काम बंदच पडलं. जर्मन सरकारनं छोट्या व्यावसायिकांना तीन महिन्यांसाठी ९,००० युरोंपर्यंत तातडीची मदत दिली, पण ती धंद्याच्या खर्चासाठी. तालमीच्या खोलीचं भाडं त्यात बसायचं, राहत्या घराचं नाही. ब्रिटननं सरासरी नफ्याच्या ८० टक्के देऊ केले. त्यात निम्म्याहून जास्त कमाई छोट्या-छोट्या नोकऱ्यांतून करणारा नट बाहेर राहिला, आणि नुकताच धंद्यात उतरलेलाही.

यानंतर आयर्लंडनं मालक, तास, कलाकृती हे सगळंच सोडून दिलं. २०२२ मध्ये २,००० कलावंतांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो द्यायचं ठरलं. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त आले. पात्र अर्जदारांत कोणाची कला सरस हे कोणी तपासलं नाही. सोडत काढून नावं निवडली.