पॅस्टन घराणं आणि त्यांची "शुद्ध" वंशावळ

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याच्या पिढ्या शोधायला बसलं की लोक आधी चर्चच्या नोंदवह्यांकडे जातात, पण त्या सुरू झाल्या १५३८ मध्ये. त्याआधीच्या साध्या माणसांचा पत्ता लागतो तो बहुतेक जमिनीच्या भांडणामुळेच. कोर्टकचेरी झाली की कागद होतात आणि कागद झाले की आजोबा-पणजोबा सापडतात, आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा. पूर्व इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातल्या पॅस्टन लोकांचं अगदी असंच झालं.

पॅस्टन हे मुळात समुद्राजवळचं एक छोटंसं गाव, त्यावरूनच आडनाव पडलं. पहिला नीट माहीत असलेला माणूस म्हणजे क्लेमंट, मृत्यू १४१९. त्याच्याबद्दलची माहिती कुठून मिळते, तर विरोधकांपैकी कुणीतरी पुढे या घराण्याची लाज काढायला लिहून ठेवलेल्या एका कागदातून! त्यात म्हटलंय की हा साधा शेतकरी, शंभर-सव्वाशे एकर जमीन, स्वतः नांगर धरायचा, गिरणीला जाताना घोड्यावर खोगीर नाही तर धान्याचं पोतं टाकून त्यावर बसायचा, आणि बायको तर जमीनदाराच्या बांधील, म्हणजे वेठीच्या कुळातली. वर हेही लिहिलंय की यानं उसने पैसे घेऊन पोराला शाळेत घातलं. लिहिणाऱ्यानं टोमणा म्हणून लिहिलं असेल, पण मला तरी ते वाचून म्हाताऱ्याचं कौतुकच वाटलं.

तो पोरगा विल्यम वकील झाला आणि १४२९ मध्ये थेट न्यायाधीश. श्रीमंत घरची अ‍ॅग्नेस बायको म्हणून आली, जमिनी घेतल्या, आणि १४४४ मध्ये तो गेल्यावर त्या जमिनींवर टपून बसलेले सगळे पुढे सरसावले. ही अ‍ॅग्नेसबाई पण काय चीज होती, मुलगी एलिझाबेथ एका पन्नाशीच्या आसपासच्या विधुराला नाही म्हणते म्हणून आठवड्यातून एक-दोनदा तिला मारायची, एकदा तर डोकं दोन-तीन ठिकाणी फोडलं.

थोरला मुलगा जॉन कायम लंडनमध्ये कोर्टात, आणि इकडे घर, शेती, कुळं सगळं सांभाळायची त्याची बायको मार्गारेट. तिची शंभराच्या वर पत्रं टिकलीत, बहुतेक लेखनिकाला सांगून लिहून घेतलेली. १४४८ च्या सुमाराला ग्रेशमची गढी एका लॉर्डनं बळकावली तेव्हाचं तिचं पत्र बघा, नवऱ्याला सांगते की क्रॉसबो आणि बाण पाठव, छोटे परशू पाठव, आणि हो, एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि पोरांच्या कपड्यांना कापड पण. एकाच यादीत! घराण्याचा इतिहास म्हणजे काय ते मला या यादीतून जास्त कळतं.

खरा घोळ झाला १४५९ मध्ये. सर जॉन फास्टॉल्फ नावाचा निपुत्रिक, गडगंज म्हातारा वारला आणि जॉननं सांगितलं की मरायच्या दोन दिवस आधी त्यानं केस्टरचा किल्ला आणि बाकी जमिनी मला दिल्या. आता यावर कोण विश्वास ठेवणार? ड्यूक, म्हणजे बडे सरदार लोक उठले, जॉन तुरुंगाच्या वाऱ्या करून १४६६ मध्ये वारला. मधे विरोधकांनी तोच जुना मुद्दा काढला, हे मुळात वेठीचे लोक, यांना जमीन बाळगायचा हक्कच नाही. मग पॅस्टननी नॉर्मन काळापर्यंत, म्हणजे अकराव्या शतकापर्यंत जाणारी झकास वंशावळ बनवून आणली आणि चौथ्या एडवर्ड राजानं १४६६ मध्ये ती मान्यही केली. थोडक्यात, वंशावळ खोटी, शिक्का खरा.

पुढच्या पिढीत दोन सख्खे भाऊ, दोघांचंही नाव जॉन (का, ते विचारू नका). १४६९ मध्ये नॉरफॉकच्या ड्यूकनं केस्टरला वेढा घातला, धाकटा जॉन जेमतेम तीसेक माणसांनिशी आत, शेवटी किल्ला सोडावा लागला. त्याच वर्षी बहीण मार्जरीनं घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्न केल्याचं उघड झालं. बिशपनं चौकशी करून लग्न खरं ठरवलं पण आईनं घराचं दार बंद केलं. अन् कॉल? तो कामाचा माणूस, त्याला मात्र नोकरीवर ठेवलं. गंमत म्हणजे तोपर्यंत पणजीचं बांधील कूळ सगळे विसरले होते, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

केस्टर १४७६ मध्ये ड्यूक मेल्यावर परत मिळालं. पुढे घराणं चढतच गेलं, १६७९ मध्ये रॉबर्ट पॅस्टन यारमथचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार झाला, त्याच्या मुलानं दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अनौरस मुलीशी लग्न केलं. पण कर्ज डोंगराएवढं, या दुसऱ्या अर्लचे मुलगे बापाच्या आधीच गेले, आणि १७३२ मध्ये अर्लपद संपलं. घराण्याच्या जुन्या पत्रांचे गठ्ठे तोवर विकले गेले होते, ते हातोहात फिरत जॉन फेन या माणसाकडे आले आणि त्यानं १७८७ मध्ये छापायला सुरुवात केली. आज बरीचशी पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पॅस्टन गावात त्यांनी १५८१ मध्ये बांधलेलं धान्याचं भलंमोठं कोठार अजून उभं आहे, गवती छपराचं, आणि त्यात आता दुर्मिळ जातीची वटवाघळं राहतात.