पेनसिल्व्हेनियातील राज्यव्यापी निवडणुका : शहर, उपनगर आणि ग्रामीण भागातील प्रचारनीती

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात गव्हर्नर, सिनेटर आणि राष्ट्राध्यक्ष या पदांच्या निवडणुकीत संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या 288 जागांची मोजणी वेगवेगळी होते. एका जागेवर मिळालेले मोठे मताधिक्य शेजारच्या जागेवर कामाला येत नाही. पेनसिल्व्हेनियात 67 काउंट्यांतील (जिल्ह्यांसारखे विभाग) प्रत्येक मत एकाच बेरजेत जाते. त्यामुळे कुठे किती मतांनी जिंकायचे, याइतकेच कुठे किती कमी मतांनी हरायचे, हेही आधी ठरवावे लागते. तिथल्या प्रचारनीतीचा गाभा या दुसऱ्या प्रश्नात आहे.

राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात फिलाडेल्फिया आणि पश्चिमेला पिट्सबर्ग ही दोन मोठी शहरे आहेत. मधला डोंगराळ भाग आणि उत्तरेची पट्टी मिळून नकाशावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार दिसतो, म्हणून राजकीय बोलण्यात त्या भागाला ‘टी’ म्हणतात. फिलाडेल्फियाची लोकसंख्या सुमारे 16 लाख. तिच्याभोवतीच्या बक्स, मॉन्टगोमेरी, चेस्टर आणि डेलावेअर या चार उपनगरी काउंट्यांची मिळून सुमारे 26 लाख. शहरापेक्षा उपनगर मोठे आहे, हे बाहेरच्या निरीक्षकाच्या पटकन लक्षात येत नाही.

फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाला मते वळवायची नसतात, ती बाहेर काढायची असतात. हे काम 66 वॉर्डांतील नेते आणि त्यांच्या हाताखालचे कार्यकर्ते करतात. मतदानाच्या दिवशी कार्यकर्त्यांना रोख खर्ची देण्याची जुनी प्रथा आहे. तिला ‘स्ट्रीट मनी’ म्हणतात. 2008 च्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत बराक ओबामांच्या यंत्रणेने ही खर्ची देण्यास नकार दिला, तेव्हा वॉर्डांतून बरीच कुरकुर झाली. रिपब्लिकन पक्षाला शहर जिंकायचे नसते. पिछाडी थोडी घटली, मतदानाचा टक्का थोडा उतरला, तरी त्याचे भागते.

उपनगरांचा इतिहास उलटा आहे. या काउंट्या अनेक दशके रिपब्लिकनांच्या होत्या. डेलावेअर काउंटीच्या कौन्सिलवर डेमोक्रॅटिक पक्षाचा ताबा यादवी युद्धानंतर प्रथमच 2019 मध्ये आला. फिलाडेल्फियाचे माजी महापौर एड रेंडेल यांनी 2002 ची गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक 67 पैकी केवळ 10 काउंट्या जिंकून मारली. शहराच्या जोडीला त्याच्या भोवतीच्या उपनगरांनी त्यांना तारले. इथला मतदार शाळा, मालमत्ता कर, गर्भपाताचा हक्क आणि उमेदवाराचा संयम पाहतो. 2022 मध्ये डग मॅस्ट्रियानो यांच्यासारखा कडवा रिपब्लिकन उमेदवार समोर असताना मॉन्टगोमेरीचेच डेमोक्रॅटिक उमेदवार जोश शपिरो जवळपास 15 टक्क्यांच्या फरकाने गव्हर्नर झाले.

तरीही केवळ शहर आणि उपनगरावर विसंबणे धोक्याचे ठरते, हे 2016 ने दाखवले. चार उपनगरी काउंट्यांत हिलरी क्लिंटन यांचे मताधिक्य ओबामांच्या 2012 च्या मताधिक्यापेक्षा जास्त होते. पण डोनाल्ड ट्रम्प यांनी राज्य सुमारे 44 हजार मतांनी जिंकले. ईरी, नॉर्थॅम्प्टन आणि लुझर्न या तीन काउंट्या ओबामांकडून त्यांच्याकडे गेल्या. एकट्या लुझर्नमध्ये त्यांना सुमारे 26 हजारांचे मताधिक्य मिळाले. लुझर्न म्हणजे काही शेतीवाडीचा मुलूख नव्हे; ती जुन्या कोळसा खाणींची, विल्क्स-बॅरसारख्या शहरांची काउंटी आहे. शहर, उपनगर, ग्रामीण या तीन कप्प्यांत ही ओसरत्या उद्योगांची गावे नीट बसत नाहीत, आणि प्रचारकांची सर्वाधिक चूक तिथेच होते.

2022 मध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन फेटरमन यांनी ‘प्रत्येक काउंटी, प्रत्येक मत’ अशी घोषणा दिली. ‘टी’मधल्या बहुतेक काउंट्या त्यांनी जिंकल्या नाहीत, पण बहुतेक ठिकाणी त्यांची पिछाडी बायडन यांच्या 2020 च्या पिछाडीपेक्षा कमी होती, आणि तेवढे पुरले. शपिरो यांनी पदवीची अट काढण्याचा मुद्दा घेतला व जानेवारी 2023 मध्ये राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी ती अट खरोखरच काढली. नैऋत्येकडील वॉशिंग्टन काउंटीसारख्या भागात शेल वायूच्या (खडकांच्या थरांतून काढला जाणारा नैसर्गिक वायू) उत्खननावर बोलताना डेमोक्रॅटिक उमेदवाराची परीक्षा असते : उपनगरातल्या पर्यावरणवादी मतदाराला जे रुचते, ते वायूवर घर चालणाऱ्या गावात मते घालवते. एकाच उमेदवाराने दोन ठिकाणी दोन बोली बोलण्याचे दिवस मोबाइल कॅमेऱ्याने संपवले आहेत.

खर्चाचे गणित टीव्हीच्या क्षेत्रांवर चालते. फिलाडेल्फियाच्या वाहिन्या न्यू जर्सी आणि डेलावेअर राज्यांतही दिसतात, म्हणजे जाहिरातीच्या पैशाचा मोठा वाटा मत देऊ न शकणाऱ्यांवर जातो. जॉन्सटाउन-अल्टूना किंवा ईरीची वाहिनी त्या मानाने स्वस्त पडते.

2019 च्या ‘ॲक्ट 77’ कायद्याने कारण न देता टपालाने मत देण्याची सोय झाली. डेमोक्रॅटिक मतदारांनी ती आधी उचलली; रिपब्लिकन पक्षाने 2020 मध्ये तिच्यावर संशय घेतला आणि 2024 मध्ये आपल्या मतदारांना तीच वापरायला सांगितले. टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी 7 च्या आधी उघडता येत नाहीत. त्यामुळे 2020 मध्ये मोजणी दिवसेंदिवस चालली, ट्रम्प यांची सुरुवातीची आघाडी फिलाडेल्फियाच्या मतांनी हळूहळू खाल्ली आणि वृत्तवाहिन्यांनी राज्याचा निकाल चौथ्या दिवशी, शनिवारी जाहीर केला.