हातसडीचा तांदूळ आणि सेंद्रिय शिक्का: मुंबईच्या ताटामागचा इतिहास

दादर, पार्ले किंवा ठाण्याच्या एखाद्या दुकानात आज विषमुक्त भाजी, हातसडीचा तांदूळ, लाकडी घाण्याचे तेल आणि नाचणीचे पीठ शेजारी शेजारी मांडलेले दिसते, आणि आरोग्यासाठी आहार बदलायला निघालेले कुटुंब हे सारे एकाच यादीत लिहून आणते. प्रत्यक्षात या मालामागे दोन निराळ्या तक्रारी आहेत. धान्याचे सत्त्व गिरणीत काढून टाकले जाते ही एक, आणि ते पिकवताना शेतात रसायने ओतली जातात ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या काळात पुढे आल्या आणि दोन्हींमागचा पुरावाही सारख्या वजनाचा नाही. महिन्याचा किराणा हिशेबाने भरणाऱ्या घराला हा फरक माहीत असायलाच हवा, असे मला वाटते.

पहिली तक्रार बरीच जुनी आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर काम करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांना असे दिसले की, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. माणसांमधील बेरीबेरी या रोगाचा उलगडा त्यातून होत गेला. तांदळाच्या दाण्यावरच्या तांबूस पापुद्र्यात असलेले आणि पॉलिश करताना निघून जाणारे ते द्रव्य पुढे बी-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले, आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या विषयाशी मुंबईचा संबंध १९३४ मध्ये आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापण्याचा ठराव झाला, वर्ध्याहून त्याचे काम सुरू झाले, आणि महात्मा गांधी व अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार हिरिरीने केला. खेड्यातल्या हातांना काम आणि खाणाऱ्याच्या अंगी सत्त्व, असा दुहेरी विचार त्यामागे होता. आजच्या दुकानातला निम्मा माल या कार्यक्रमात होता, फक्त त्यावर ‘सेंद्रिय’ हा शिक्का नव्हता.

शहराने मात्र उलटी वाट धरली, आणि त्याला कारणे होती. कोंड्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे हातसडीचा तांदूळ ठेवून दिला की खवट होतो आणि त्याला कीड व जाळी लवकर लागते. पॉलिश केलेला तांदूळ गोदामात, जहाजात, वाण्याच्या पोत्यात महिनोन्‌महिने टिकतो. गावाकडे उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून वर्षाचे धान्य भरून ठेवता येई, पण गिरणगावातील चाळीच्या एका खोलीत कणगीला जागा कुठली? त्यात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तेव्हापासून काय खायचे हे बऱ्याच अंशी रेशनच्या दुकानात काय आले यावर ठरू लागले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पी. एल. ४८० कराराखाली अमेरिकेचा गहू आला, १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो (अमेरिकी ज्वारी) आली, आणि ज्वारी-बाजरी-नाचणीवर वाढलेल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसाच्या ताटात भाकरीची जागा हळूहळू पोळीने घेतली. याच शहरात, शिवडीच्या कारखान्यात, वनस्पती तूप तयार होत होते. १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने ते घरोघर गेले आणि खजुरीच्या झाडाचे चित्र असलेला त्याचा पिवळा डबा रिकामा झाल्यावर डाळी भरायला वापरला जाई. त्यातील ट्रान्स फॅटचा हृदयाला होणारा धोका सिद्ध व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. तेल-तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन भारतात जानेवारी २०२२ मध्ये लागू झाले.

दुसऱ्या, म्हणजे शेतातल्या रसायनांच्या, तक्रारीचे मूळ मात्र भारतात सापडते. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे शेतीसंशोधनासाठी आलेले ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड पुढे इंदूरला गेले. तेथील शेतकऱ्यांच्या पद्धती पाहून आणि त्यावर प्रयोग करून त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र येते आणि वाड यांचे क्वचितच, ही गोष्ट मला खटकते.

पण तेव्हा देशापुढचा प्रश्न भुकेचा होता. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले, युरियाला दाद देणारे बुटके वाण पसरले, आणि याच दशकात ट्रॉम्बेचा खत कारखानाही उभा राहिला. या हरितक्रांतीने देशाला धान्य दिले, हे विसरून सेंद्रिय शेतीची बाजू मांडणे मला अन्यायाचे वाटते. रसायनांची दुसरी बाजू तर त्याआधीच दिसू लागली होती. १९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नात मिसळून शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डीडीटीचा शेतीतील वापर थांबायला १९८९ आणि एंडोसल्फानवर बंदी यायला २०११ उजाडले.

त्या काळात महाराष्ट्रात आणि त्याच्या सीमेलगत पर्याय घडत होते. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांचे ‘प्रयोग परिवार’ हे शेतकऱ्यांचे जाळे, उंबरगावजवळ भास्कर सावे यांची वाडी, विदर्भात सुभाष पाळेकरांची नैसर्गिक शेती आणि अकोले तालुक्यात गावरान बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे ही त्यातली ठळक नावे. २००१ पासून निर्यातीसाठी सेंद्रिय मालाचे राष्ट्रीय प्रमाणीकरण आले, आणि देशातील विक्रीसाठी २०१७ च्या नियमांनी ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणले. या नियमांनुसार हंगामी पिकाच्या शेताला दोन वर्षे आणि हापूससारख्या बहुवार्षिक बागेला तीन वर्षे रसायनांशिवाय काढावी लागतात, आणि त्या काळात उत्पन्न घटले तरी शेतकऱ्याला सेंद्रियचा भाव मिळत नाही. जास्त किमतीचे एक खरे कारण हे आहे. दारात थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, त्यामुळे आठवडी बाजारात त्याच्याकडे चिन्ह नसले म्हणून माल खोटा ठरत नाही.

आता आरोग्याचा प्रश्न. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी आढळतात, याबद्दल मोठे आढावे एकमत दाखवतात. पोषणमूल्यांबद्दल मात्र नाही: २०१२ च्या स्टॅनफर्डच्या आढाव्याला फारसा फरक दिसला नाही, तर २०१४ च्या ब्रिटिश आढाव्याला सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. कर्करोगाबाबत फ्रान्समधील २०१८ च्या अभ्यासात धोका कमी दिसला, ब्रिटनमधील लाखो स्त्रियांच्या पाहणीत एकंदर धोका कमी झालेला दिसला नाही. याउलट अख्ख्या धान्याच्या बाजूने, विशेषतः हृदयविकार आणि मधुमेहाबाबत, वर्षानुवर्षांचे अभ्यास एकाच दिशेने बोलतात. म्हणूनच सेंद्रिय मैद्याची बिस्किटे आणि सेंद्रिय पॉलिश तांदूळ महागात घेण्याआधी घरातले पीठ चाळून कोंडा टाकणे थांबवावे आणि आठवड्यातून काही दिवस नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मग ती सेंद्रिय असो वा नसो. उरलेले पैसे पालेभाज्यांसारख्या, फवारणी थेट ज्यावर पडते अशा मालाच्या सेंद्रिय खरेदीला लावावेत. शेतात फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर उडणारे औषध त्यामुळे कमी होते, हाही त्या खरेदीचा भक्कम आधार आहे.

रेशनच्या तांदळाची कथा मात्र वेगळ्याच वळणावर आली आहे. २०२१ मध्ये सरकारने पोषणसंवर्धित तांदळाची घोषणा केली आणि पुढील तीन वर्षांत तो टप्प्याटप्प्याने रेशनवर आला. पॉलिश केलेल्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले, कारखान्यात बनवलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळले जाऊ लागले. जावातल्या कोंबड्यांना पायावर उभे करणारे बी-१ जीवनसत्त्व त्या दाण्यांत घालणे ऐच्छिक ठेवले आहे.